हिम्मतरावांनी दोरी पास केली

हैदराबादेत, नारायणगुड्याच्या श्रीलक्ष्मी अपार्टमेंटमध्ये हिम्मतराव कदमांच्या घरात कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय शिरत नसे, आणि तपासल्यावर बहुतेक वेळा ती आल्या वाटेनं परतच जात असे. माठवाला त्यांचा जिना चढणं केव्हाच सोडून बसला होता. नारळवाल्यानं तर एकदा हात जोडून विचारलं होतं, "साब, खाना है कि शादी करना है इससे?"

यात हिम्मतरावांचा दोष नव्हता. बालानगरच्या एका पंख्याच्या कारखान्यात ते निवृत्त होईपर्यंत तपासनीस होते. पंखा फिरतो की नाही हे कुणालाही कळतं. तो मनात काय ठेवून फिरतो हे हिम्मतरावांना कळायचं. त्यांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय पंखा फाटकाबाहेर पडत नसे. पण निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे पास-नापास करायला उरलं काय, तर भेंडी, गॅसची नळी आणि मृण्मयीला सांगून आलेली स्थळं. त्यातलं एक सॉफ्टवेअरवालं बरं स्थळ त्यांनी ‘बोलताना बेअरिंग वाजतं’ असं म्हणून परत पाठवलं होतं. मृण्मयीनं त्याबद्दल बापाचे आभार मानले होते, ती गोष्ट वेगळी.

तर अशा या घरात, जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी एके दिवशी मृण्मयीनं एक दोरी आणून ठेवली. जांभळी, मधेमधे पिवळे ठिपके, पेन्सिलीएवढी जाड. नवी कोरी. अजून वेटोळ्यातच होती आणि तिच्या गळ्यात एक छोटी चिठ्ठी लटकत होती.

"किती गोड रंग आहे," उषाबाई म्हणाल्या. "पडद्याला लावू या?"

"आई, ही अँकरची दोरी आहे."

मृण्मयी दर रविवारी खाजागुड्याच्या खडकांवर चढायला जाते हे घरात माहीत होतं. म्हणजे ‘ट्रेकिंगला जाते’ एवढं माहीत होतं, आणि ट्रेकिंग म्हणजे टोपी घालून चालणं, वाटेत पोहे खाणं आणि फोटो काढणं अशी उषाबाईंची समजूत होती. ती समजूत मृण्मयीनं मोठ्या प्रेमानं जपली होती. त्या दिवशी मात्र तिला ती मोडावीच लागली. येत्या रविवारी नव्या मुलांची तुकडी येणार होती, आणि त्यांच्यासाठी खडकाच्या माथ्यावर अँकर बांधायचं काम तिच्या गुरूनं, कुलदीपनं, पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलं होतं. नीट जमलं तर पुढे दर रविवारी ती त्याची जोडीदार म्हणून शिकवणार होती. दोन वर्षं ती याच दिवसाची वाट बघत होती.

"वर दगडात दोन पक्के बोल्ट असतात," ती समजावून सांगत होती. "त्या दोघांना मिळून ही दोरी बांधायची, आणि मग चढणाऱ्याचा सगळा भार हिच्यावर."

"हिच्यावर?" उषाबाईंनी दोरी दोन बोटांत धरून उचलली. "अगं, माझ्या परकराचा नाडा हिच्यापेक्षा दांडगा आहे!"

"आई, प्लीज. जाडीवर जाऊ नको."

"आणि लटकणार कोण? कुणाची तरी लेकरंच ना? उद्या काही झालं तर त्यांच्या आया कुणाच्या दारात येतील?" उषाबाईंनी दोरी खाली ठेवली, वरण ढवळलं आणि अत्यंत गोड आवाजात निकाल दिला, "हे बघ, मला यातलं काही कळत नाही. तुझ्या बाबांनी ही दोरी पास केली तर तू जा. नाहीतर त्या कुलदीपला कळव की दुसरं माणूस बघ."

ही चाल फार खोल होती. या माणसानं सख्ख्या मेहुण्यानं दिलेला मिक्सरही पास केला नव्हता, दोरी काय करणार! पण चाल खेळताना उषाबाईंचं एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. मृण्मयीनं वळून बापाकडे बघितलं. आणि निवृत्त झाल्यापासून हिम्मतरावांकडे इतक्या आशेनं कुणीही, अगदी नारळवाल्यानंही, बघितलं नव्हतं.

"ठेव इथं," हिम्मतराव चष्मा पुसत म्हणाले. "बघतो."

मृण्मयीला वाटलं, बाबा चिठ्ठी वाचतील. पोर अजून लहान होती.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘७ मिमी’ आणि त्याखाली ‘१० केएन’. सात मिलिमीटर कळलं. केएन म्हणजे काय हे विचारायला हिम्मतराव समोरच्या फ्लॅटमधल्या अप्पारावांकडे गेले. अप्पाराव वीज मंडळातले निवृत्त इंजिनियर. तेलुगू घरात वाढलेले, पण हिम्मतरावांशी आपली सगळ्यांची हैदराबादी हिंदी बोलायचे. विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाला खालून सूचना देण्यात त्यांची हयात गेली होती, आणि कुणीही कशावरही चढत असेल तर खालून सूचना देण्याचा आपला हक्क निवृत्तीनं संपत नाही असं त्यांचं मत होतं.

"केएन मतलब किलोन्यूटन," अप्पाराव दोरी नाकाशी धरून म्हणाले. "मोटा हिसाब बोलूँ? एक किलोन्यूटन कू सौ किलो समझो. दस कू हजार. पूरा एक टन."

"एक टन? ही?"

"हौ. छोटी कार लटका लो. अंदर सास कू भी बिठा लो."

दुसरा कुणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. हिम्मतरावांचा मात्र तिथंच संशय बळावला. पोरगी पन्नास-पंचावन्न किलोची, आणि दोरी म्हणते मी टनभर उचलीन? मागितलं नसताना एवढं कोण देतं? कारखान्यात एकदा एक पंखा आला होता, त्याच्या खोक्यावर ‘तुफान’ लिहिलेलं होतं. तो चालू केला तर समोरच्या कॅलेंडरचं पान हलायला तयार नव्हतं. खोक्यावरचं अक्षर जेवढं मोठं तेवढी आतली तार बारीक, हा हिम्मतरावांचा अनुभव होता, आणि केएन ही अक्षरं त्यांना चांगलीच मोठी वाटली.

संध्याकाळी त्यांनी मृण्मयीची उलटतपासणी घेतली.

"टन कशाला लागतो?"

"कारण तो टन तसाच्या तसा मिळत नाही, बाबा. चिठ्ठीवरचा आकडा नव्या, सरळ, बिनगाठीच्या दोरीचा असतो. गाठ मारली की त्या जागी दोरी वळते, दबते. तिथं तिसरा हिस्सा तरी ताकद गेली असं धरायचं."

"गाठ बांधली की ताकद जाते," उषाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं."

"तू मधे बोलू नको. पुढं?"

"पुढं, आपण दोरी एकेरी वापरत नाही. तिचा मोठा फास करायचा, म्हणजे भार वाटला जातो. पण दोन बोल्टकडे जाणारे पाय फार फाकवायचे नाहीत. जेवढे फाकवाल तेवढा दोघांवरही ताण वाढतो. अगदी आडवे झाले तर लटकलेल्या माणसाच्या कितीतरी पट." तिनं पेन घेतलं, कागदावर दोन बाण काढले, कोन काढला.

हिम्मतरावांनी कागद उभा धरला, आडवा धरला. "जवळ आहेत तर भार कमी आणि लांब आहेत तर जास्त? लांब म्हणजे तर मोकळंढाकळं. कसं काय?"

"अहो, त्यात काय," उषाबाई कणकेच्या हातानंच पुढे आल्या. "गच्चीवर कपड्याची दोरी ताणून सरळ बांधली की एका ओल्या चादरीनं खिळा उपटून येतो. तीच जरा झोळ ठेवून बांधली तर चार चादरी वाळतात. तेच की हे."

मृण्मयी आईकडे बघतच राहिली. "आई! एक्झॅक्टली! आम्हाला हे समजायला एक पूर्ण दिवस लागला!"

हिम्मतरावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. चादरीवरून समजण्यापेक्षा कोनावरून न समजणं त्यांना जास्त प्रतिष्ठेचं वाटलं. पण मनात एक टोचणी लागली: सगळ्यांना सगळं कळलंय, पण दोरी कुणी ओढून बघितलीय का?

पुढचा दिवस त्यांनी तपासणीच्या शोधात घालवला. एका इंजिनियरिंग कॉलेजात ताकद मोजायचं यंत्र आहे असं अप्पारावांना माहीत होतं, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. तिथल्या खिडकीतल्या बाबूनं दोरीकडे ढुंकूनही न बघता विचारलं, "संस्था कौनसी?"

"संस्था कुठली? बाप आहे मी."

"बाप का लेटरहेड है?"

बापाचं लेटरहेड नसतं हे हिम्मतरावांच्या प्रथमच लक्षात आलं. आयुष्यभर हे पद सांभाळलं, आणि साधं एक छापील पान नाही.

"सैंपल कितने?" बाबूनं विचारलं.

"एकच आहे."

"एक से क्या होता? यहाँ तो टेस्ट करना मतलब तोड़ना."

"तोडायची नाही हो. फक्त तपासायची आहे."

बाबूनं खिडकी लावून घेतली. सरकारी उर्मटपणा म्हणतात तो हाच, असं बोलत दोघं रिक्षात बसले.

लेटरहेड असलेली, ओळखीची एकच संस्था म्हणजे अपार्टमेंटची असोसिएशन, आणि तिचा सेक्रेटरी हर्षद. हर्षद पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेला. त्याच्या आधी या इमारतीत भांडणं तोंडी होत असत. तो आल्यापासून ती लेखी झाली होती. ‘गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी कावळ्यांचा बंदोबस्त स्वतः करावा, असोसिएशन कावळ्यांच्या वर्तनास जबाबदार नाही’ ही सूचना त्याचीच.

"काका, लेटरहेड देता येणार नाही," तो लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "दोरीचा असोसिएशनशी संबंध काय?"

"अरे बापा, संबंध नाही म्हणूनच तर विनंती करायलोय! संबंध असता तर हक्कानं मागितलं असतं."

"मग पुढच्या सभेत विषय मांडा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घेता येईल."

"आयती वेळ आत्ताच आहे ना!"

"काका, माझा कॉल सुरू आहे."

हिम्मतराव जिना उतरले. गुणवत्तेची चाड कुणाला म्हणून राहिली नव्हती. मग अप्पाराव आणि ते कोठीच्या बाजारात जाऊन एक लटकता काटा घेऊन आले. दुकानदाराला हिम्मतरावांनी दोरी दाखवून विचारलं की ही टनभर भार घेईल असं तुम्हाला वाटतं का. दुकानदार म्हणाला, "साब, रस्सी की ताकत पूछ रहे, मेरी तो कोई पूछता ही नहीं," आणि काट्यावर आपली दोन पोती लटकवून दाखवली. काटा शंभर किलोपर्यंतच होता. घरी येऊन दोरीच्या खाली तांदळाचं पोतं लटकवलं. दोरीनं त्या पोत्याची दखलसुद्धा घेतली नाही.

"ये तो बेइज्जती है," अप्पाराव म्हणाले. "टन वाली कू पोता दिखा रहे आप."

आणि इथं अप्पारावांची नजर, देवाच्या मनात काय होतं देव जाणे, वर गच्चीकडे गेली.

गच्चीवर एक जुनी काळी पाण्याची टाकी, आपल्या लोखंडी घोडीसकट, काढून ठेवलेली होती. पाचशे लिटरची. म्हणजे भरली की अर्धा टन! लिफ्टच्या खोलीतून एक लोखंडी तुळई बाहेर आलेली होती, लिफ्टची मोटर वर घेताना वापरायची. बेत सरळ होता. जांभळ्या दोरीचा फास तुळईवर टाकायचा, त्यात घोडी अडकवायची, टाकी रिकामी असतानाच चार बोटं वर लटकवायची आणि मग नळीनं हळूहळू पाणी सोडायचं. दोरी तुटलीच तर टाकी चार बोटं खाली येईल, बास. बेताला कुठंही खोट नव्हती. हिम्मतरावांनी तो स्वतः तपासला होता.

"गाँठ मैं मारता," अप्पाराव म्हणाले. "बोर्ड में सब मेरी गाँठाँ को सलाम करते थे."

शुक्रवारी दुपारी गच्चीवर पाणी सुटलं. अशी बातमी जिन्यानं सांगावी लागत नाही. अर्ध्या तासात निम्मी इमारत वर होती. कुणी म्हणालं टाकीत पाण्याऐवजी वाळू भरा, कुणी म्हणालं दोरीला आधी हळद-कुंकू लावा. तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाबाईंनी मिरची भजी आणली आणि प्रत्येक भज्यामागे ‘तुटेल’ असं भाकीत केलं. पाणी चढत होतं. पाव टाकी. अर्धी. दोरी ताठ झाली होती, तिच्यावर बोट मारलं की तानपुऱ्यासारखी वाजत होती, आणि प्रत्येक जण येऊन एकदा बोट मारून जात होता.

"हल्लू! हल्लू मारो!" अप्पाराव ओरडत होते. "तमाशा है क्या?"

तमाशाच होता. टाकी काठोकाठ भरली. अर्धा टन! पोरांनी टाळ्या वाजवल्या. हिम्मतरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पेन्सिलीएवढी दोरी, नि केवढं हे इमान! ते मागं वळून उषाबाईंना म्हणाले, "बघ. तुझ्या परकराच्या नाड्यानं उचललं असतं का?"

उषाबाईंचं लक्ष दोरीकडे नव्हतं. त्या गाठीकडे बघत होत्या. "अहो, ते टोक मघाशी लांब होतं ना?"

अप्पारावांची गाठ, जिला सगळं बोर्ड सलाम करत असे, ती गुळगुळीत दोरीवरून, कुणालाही दुखवायचं नाही अशा बेतानं, अगदी सभ्यपणे सरकत होती. टोक बोटभर उरलं. मग नखभर. तेवढ्यात गच्चीच्या दारातून हर्षद आला. त्याच्या हातात एक कागद होता आणि तोंडात "इमारतीची वरची टाकी पूर्ण रिकामी झालेली असून" एवढं वाक्य होतं. ते पुरं झालं नाही.

टाकी चार बोटंच खाली आली, बेतात होतं तसंच. पण टेकताना घोडीचा एक पाय दुमडला. एवढं बेतात नव्हतं. अर्धा टन पाणी एकदम आडवं झालं आणि गच्चीचं दार उघडंच असल्यामुळे सरळ जिन्याकडे निघालं. भजी निघाली. चपला निघाल्या. मीनाबाई "मी म्हटलंच होतं" म्हणत कठड्यावर चढल्या. पाणी वरच्या मजल्यावर वळलं, हर्षदच्या उघड्या दारातून आत गेलं, आणि तिथं चालू असलेल्या मीटिंगमधल्या अमेरिकेतल्या बाईंनी म्हणे घाबरून विचारलं, तुमच्याकडे समुद्र आहे का?

या सगळ्यात एकच माणूस हसत उभा होता. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पॅन्टमध्ये हिम्मतरावांनी तुळईवरून दोरी सोडवली आणि डोक्यावर उंच धरली.

"तुटली नाही! गाठ नापास, दोरी पास!"

ते त्याच अवस्थेत दाराशी बसून राहिले. मृण्मयी ऑफिसातून आली ती हातात बूट घेऊन, जिन्यातल्या ओहोळातून. "बाबा, काय झालं? पाइप फुटला?"

"पास!" हिम्मतरावांनी दोरी तिच्या हातात ठेवली. "अर्धा टन लावून बघितला. धाग्याला धक्का नाही. जा, बिनधास्त जा."

मृण्मयीनं दोरी घेतली. बोटांतून सरकवत नेली. तुळईवर ती जिथं बसली होती तिथं तिचं बोट थांबलं. वरचं विणकाम चपटं झालं होतं, आणि एका जागी बारीक रेशमासारखे तंतू उभे राहिले होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती त्या तंतूंवरून बोट फिरवत राहिली.

"काय गं?"

"ही आता वापरता येणार नाही, बाबा."

"अगं पण तुटली कुठं?"

"तुटली नाही. पण लोखंडाच्या कडेवर घासलीय, एवढा भार घेऊन तास-दोन तास. आत काय झालंय ते कुणालाच सांगता येणार नाही. चिठ्ठीवरचा आकडा आता हिचा राहिला नाही. हिच्यावर मी कुणाचंही पोर लटकवणार नाही." ती दोरी गुंडाळायला लागली, अगदी व्यवस्थित. "नवी मागवायला आठवडा जाईल. कुलदीपला सांगते, रविवारचं दुसऱ्याला दे."

उषाबाईंना हवं होतं तेच झालं होतं. पण त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या नाहीत.

हिम्मतराव खुर्चीत बसले. ज्या पंख्यांवर त्यांनी आयुष्यभर सही केली, ते सगळे त्यांनी तपासले होते थोडेच? दर शंभरातला एक उचलायचे, तो जळेपर्यंत पळवायचे, आणि तो जळाला त्या हिशेबावर उरलेले पास करायचे. जळालेला पंखा कुणाच्या घरी जात नसे. हे त्यांना माहीत होतं. लोकांच्या पंख्यांबाबत माहीत होतं. या दोरीची एखादी सख्खी बहीणही कुठंतरी कुणीतरी अशीच ओढून तोडली असणार, आणि तो आकडा त्या माणसानं लिहिला असणार. चष्मा लावून, आपल्यासारखाच कुणी खडूस माणूस. आणि आपण त्याच्या शब्दावर अर्धा टन पाणी ओतलं.

"अप्पाराव!" त्यांनी समोरच्या दारावर थाप मारली. "उद्या सकाळी निघायचं. डोंगरावरचं सामान मिळणारं दुकान शोधा."

दुकान सिकंदराबादला निघालं, एका जिन्याखाली. दुकानदारानं सातची दोरी संपलीय म्हणून पाचची काढली. रंग तोच, ठिपके तेच. "सेम टु सेम आहे, अंकल."

"सेम कशी?" हिम्मतराव म्हणाले. "दोन मिलिमीटरनं ताकद निम्म्यावर येते. जाडी थोडी उतरली की ताकद भरभर उतरते. आत बघा. असेल."

दुकानदार आत गेला. होती. हिम्मतरावांनी चिठ्ठी वाचली, दोरी उन्हात ठेवलेली नव्हती ना ते विचारलं, टोकापासून टोकापर्यंत नजरेनं बघितली. त्यांचे दोन्ही हात तिला एक हिसका द्यायला शिवशिवत होते.

"खींच के देखना?" अप्पारावांनी हळूच विचारलं.

"नक्को," हिम्मतराव म्हणाले. "पॅक करो."

रविवारी सकाळी सगळे खाजागुड्याला. आयटीच्या काचेच्या इमारती मागं चमकत होत्या आणि पुढं हत्तीच्या पाठीसारखे खडक. माथ्यावर मृण्मयी गुडघ्यावर बसून काम करत होती. उषाबाई लांब एका झुडपाची फांदी धरून उभ्या होत्या. नवी मुलं ओळीत. कुलदीप, उन्हानं रापलेला, फार न बोलणारा माणूस. त्यानं गाठी बघितल्या, बोल्ट बघितले, मान हलवली आणि म्हणाला, "मेरी तरफ से ओके. पण ही म्हणते अजून एक तपासणी बाकी आहे."

"बाबा, या," मृण्मयी म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हिम्मतराव स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नसत. कुलदीपनं त्यांच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर अडकवला, तरी ते शेवटची वाट पोटावर सरपटत गेले. अप्पाराव मागून सूचना देत होते. "लेफ्ट लो! नीचे नक्को देखो! अरे, देखे कैकू?"

हिम्मतरावांनी दोरी बघितली. दोन बोल्ट, दोन पाय, दोन्ही जवळजवळ. चादरीचा झोळ त्यांना स्पष्ट दिसला. गाठीची टोकं चांगली वीतभर सोडलेली. खाली कुठं धारदार कड नाही. त्यांनी दोन्ही हात पोटाखाली दाबून ठेवले होते.

"पास," ते म्हणाले.

मृण्मयीनं दोरीला कडीनं चढायचा जाड दोर अडकवला. पण आता पहिल्यांदा लटकून खाली कोण उतरणार? नव्या मुलांनी कडेवरून एकदा खाली डोकावलं आणि सगळ्यांनाच बुटांच्या नाड्या बांधायचं आठवलं.

"मला बांधा," मागून आवाज आला.

उषाबाईंनी फांदी सोडली होती. पंजाबी ड्रेसवरच्या ओढणीची कमरेला गाठ मारून त्या पुढे येत होत्या.

"तू?" हिम्मतराव पोटावरच गर्रकन वळले. "उषा, वेडी आहेस का? तुझे गुडघे..."

"गुडघ्यांनी कुठं लटकायचंय?"

"अगं पण..."

"तुम्ही पास म्हणालात ना?"

"म्हणालो. पण ते..."

"ते काय? लोकांच्या लेकरांसाठी पास, आणि माझ्यासाठी नाही?"

 कुलदीप आकाशाकडे बघायला लागला. मृण्मयी हातात दोर घेऊन उभी होती आणि बापाकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. आता ‘नको’ म्हटलं की संपलं; मघाचा पास खोटा, आणि पोरीनं बांधलेलं त्या खडकावर कुणी धरणार नाही, आज नाही आणि पुढंही नाही. हिम्मतरावांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. एक टन. त्यातून गाठीचा तिसरा हिस्सा वजा. दुहेरी केली म्हणून वाढ. पायांच्या कोनाचं थोडं इकडं-तिकडं. आणि शेवटी एक आकडा अडला, जो विचारायची हिंमत त्यांना संसारात कधी झाली नव्हती.

"उषा," ते खडकाला गाल टेकवून म्हणाले, "तुझं वजन किती?"

नव्या पोरांत कुणीतरी फिसकन हसलं.

"चारचौघांत विचारता?"

"पास करायला लागतं."

उषाबाईंनी सगळ्यांकडे एकदा डोळे वटारून बघितलं, मग खाली वाकल्या आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. हिम्मतरावांच्या भुवया वर गेल्या. ओठ हलले. हातचा घेतला. परत एकदा मोजलं.

"पास," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आरामात पास."

कुलदीपनं उषाबाईंचे पट्टे आवळले, त्यांना हेल्मेट घातलं, गाठ दोनदा बघितली. मृण्मयीनं दोर हातात घेतला. "आई, मागं टेकल्यासारखी बस. मी धरलंय." उषाबाई "अगं बाई, अगं बाई" करत मागं झुकल्या, एक पाय, दुसरा पाय, आणि कडेवरून त्यांचं लाल हेल्मेट दिसेनासं झालं. दोरीला ताण आला. ती एकदा बारीक करकरली.

हिम्मतरावांनी डोळे गच्च मिटले.

आधी खालून बूट खडकावर घासल्याचा आवाज आला. मग एक किंकाळी आली, आणि त्या किंकाळीचं मधेच हसू झालं. असं हसू, की वर उभी असलेली पोरं एकमेकांना ढकलत पुढची जागा धरायला लागली.

"मृण्मयी! अगं, इतक्यात सोडू नको खाली! राहू दे मला जरा इथंच. काय दिसतंय गं इथून!" आणि मग, खडकाआडून, काही दिसत नसताना, "आणि तुझ्या बाबांना म्हणावं, डोळे उघडा!"

हिम्मतरावांनी उघडले.